डेटाबेसची वामकुक्षी

३ जून

गुडघा सोडून बाकीच्या मामाला नमस्कार,

गुडघ्याला नमस्कार नाही. त्याच्यामुळेच तुला ऑपरेशन करून लेकीकडे, आपल्या ताईकडे, जाऊन पडावं लागलं आणि इथं रक्तपेढीच्या तळघरात मी एकटी उरले. ताईनं तुझा फोन आणि लॅपटॉप दोन्ही कपाटात कोंडले म्हणे. बरं केलं. भूल उतरल्या उतरल्या नर्सला ‘सर्व्हर चालू आहे ना?’ विचारणाऱ्या माणसाचं दुसरं काय करायचं? शिक्षा मात्र मला. शाळा सुटल्यापासून मी पेन फक्त कान खाजवायला वापरलंय आणि आता पत्र लिहायला बसलेय.

मुद्द्याचं सांगते. तू गेल्यापासून आपला डेटाबेस रोज दुपारी पडतो. रोज! सकाळभर टुणटुणीत, जेवणाच्या वेळेला ठप्प. मग थोड्या वेळानं आपला आपण उठतो, काही झालंच नाही असा. मी धावत खाली येईपर्यंत गडी उभा.

तू कायम खाली बसायचास, म्हणून वर काय होतं ते तू कधी बघितलं नाहीस. डेटाबेस पडला की रक्तपेढी आंधळी होते. कुठल्या गटाची पिशवी कुठल्या फ्रिजात, कुठल्या कप्प्यात, कधीपर्यंत चालणार, सगळं त्याच्या पोटात. मग फ्रिजवाले काका दारं उघडून एकेक पिशवी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेतात आणि खिडकीपलीकडे ज्याचं माणूस ऑपरेशनला घेतलंय तो पाय आपटत उभा असतो.

काल मोठ्या बाईंनी केबिनमधे बोलावलं. मला वाटलं त्या पाण्याच्या मशीनबद्दल. (मी त्याच्यावर चिठ्ठी लावली होती, ‘नवीन सोय : आता टाळी वाजवल्यावर पाणी येईल’. अर्धा दिवस लोक मशीनसमोर टाळ्या पिटत होते. त्यात बाईपण होत्या. जोरात वाजवत होत्या.) पण त्या वेगळंच बोलल्या.

‘‘पुढच्या महिन्यात मोठं शिबिर आहे. पहिली सुई टोचल्यापासून शेवटचा रक्तदाता घरी जाईपर्यंत ते यंत्र चाललं पाहिजे, तेही तुमचा कुणाचा हात न लागता. एकदा जरी कुणाला धावत जाऊन चालू करावं लागलं, तर सगळं बाहेरच्या कंपनीला.’’

‘‘आणि मामाची खुर्ची?’’

‘‘खुर्ची मामांनी घरी न्यावी.’’

मामा, तीच खुर्ची! चाकाला सुतळी बांधलेली. तीत मी कुणालाच बसू देत नाही, स्वतःसुद्धा डब्यावर बसते. तेव्हा मी ठरवलंय, आपण एक वॉचमन ठेवायचा. माणूस नाही, प्रोग्राम. छोटासा आहे, फुकट मिळतो. तो सारखा डेटाबेसकडे बघत राहणार, पडला की उठवणार आणि मला निरोप धाडणार. कसा ठेवायचा ते तू सांग. नाहीतर मी माझ्या डोक्यानं ठेवीन, आणि माझं डोकं तुला माहीत आहे.

— विंचू


८ जून

चि. विंचू, आशीर्वाद.

तुझं पत्र नातीनं वाचून दाखवलं. आधी उलटं धरलं होतं, सुलटं केल्यावरही तिला फार फरक वाटला नाही.

वॉचमन कशाला हवा? इतकी वर्षं मी एकटा बघत आलो, कधी अडलं? डेटाबेस म्हणजे जनावर आहे बाई, त्याला माया लावावी लागते. त्याच्या कलानं घ्यावं लागतं. दुपारी जरा आडवा झाला म्हणून काय आभाळ कोसळतं? माणूसही होतो. तू उगाच बाऊ करतेस, आणि बाई तर काय, राईचा पर्वत करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

पण खुर्चीचं ऐकून मी ताटावरून उठलो हे खरं. तेव्हा ठेव तुझा वॉचमन. एक लक्षात ठेव, हा गडी फार आज्ञाधारक आणि फार बिनडोक असतो. ‘त्या अमक्याच्या घरी जाऊन ये’ सांगितलंस तर जागचा हलणार नाही. गल्ली, घर, मजला, दार, असा पूर्ण पत्ता त्याच्या फाईलीत लिहून द्यावा लागतो. डेटाबेस चालू करायची आज्ञा कुठल्या फोल्डरात आहे ते मुळापासून लिही. सगळे इथंच चुकतात.

मी ठीक आहे. सकाळी ताई व्यायाम करून घेते तेव्हा शेजारी खिडक्या लावून घेतात. जेवण झालं की नातीच्या खोलीत बसतो. ती शिकवणीला असते, तिच्या लॅपटॉपवर तिचा गणिताचा अभ्यास कुठवर आला ते बघतो. तेवढाच विरंगुळा.

— मामा


१४ जून

गणितज्ञ मामा,

तू आणि गणित? लग्नात जेवणाऱ्यांची संख्या मोजायला तुला बसवलं होतं तेव्हा अर्धी पंगत उपाशी राहिली असती, असं आई सांगते. असो, चांगला छंद आहे.

वॉचमन कामावर रुजू झाला! पत्त्यात मी चुकलेच. तुझं पत्र यायच्या आधी दोन दिवस त्याच्याशी भांडत होते. मी हातानं तीच आज्ञा दिली की डेटाबेस चालू, आणि त्यानं दिली की ढिम्म. तुझं पत्र वाचलं, पत्ता मुळापासून लिहिला, आणि गडी पळायला लागला. मी मुद्दाम डेटाबेसला लाथ घातली (माणसं घरी गेल्यावर, काळजी करू नको). मी चहाचा कप उचलेपर्यंत वॉचमननं त्याला उभं केलं होतं. मी तळघरात एकटीच नाचले. नाचताना डबा उलटला.

पण दुसऱ्याच सकाळी नाक कापलं गेलं. वर बोंबाबोंब, एकही पिशवी दिसत नाही. आणि वॉचमन म्हणतो, सगळं ठीक आहे! बघते तर डिस्क जुन्या बॅकअपांनी गच्च भरलेली आणि डेटाबेस नुसता उभा. जिवंत, पण मुका. विचारलं तर ओ देत नाही. आणि वॉचमन लांबूनच बघून, ‘हलतोय ना? मग झालं’ म्हणून खूश.

मामा, तेव्हा मला माझंच हसू आलं. लहानपणी दुपारी मी पळून जायचे, आठवतं? पांघरुणाखाली उश्या ठेवायचे आणि उश्यांखाली चावीचं माकड. आई दारातून बघायची, पांघरूण हलतंय, म्हणजे कार्टी झोपलीय. आणि कार्टी लांब झाडावर. मला पकडलं फक्त आजोबांनी. ते दारातून बघायचे नाहीत. हाक मारायचे. ओ आली नाही की छडी घ्यायचे.

म्हणून मी वॉचमनला आजोबा केलं. फाईलीत लिहिलं, नुसतं बघू नको, दार वाजव, एक साधा प्रश्न विचार, आणि बरोबर उत्तर आलं तरच ‘ठीक’ म्हण. जुने बॅकअप हलवले, आणि डिस्क भरत आली तर आधीच ओरडायलाही सांगून ठेवलं. ज्यानं आयुष्यभर पहारेकऱ्यांना फसवलं त्यालाच पहारा कसा ठेवायचा ते कळतं, काय?

आता वाईट बातमी. दुपारचं पडणं चालूच आहे. आणि आता ते भयंकर झालंय. डेटाबेस पडतो, वॉचमन उठवतो, उठला की लगेच परत पडतो, परत उठवतो. वरच्या स्क्रीनवर पिशव्या दिसतात, गायब, दिसतात, गायब. फ्रिजवाले काका म्हणाले, ‘‘अगं, हे काय लपाछपी खेळतंय की काय?’’ आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

— विंचू


२० जून

चि. विंचू, आशीर्वाद.

दार वाजवण्याची युक्ती चांगली आहे. तुझ्या आजोबांची छडी इतक्या वर्षांनी कामाला आली हे ऐकून त्यांना बरं वाटलं असतं.

पण तू फार हट्टी आहेस. एखादा झोपतोय तर झोपू द्यावं. त्याला पाणी मारून उठवायचं, तो पुन्हा आडवा झाला की पुन्हा उठवायचं, हा कुठला न्याय? तिकडे दुपारी तूच हातानं चालू करत असशील आणि नाव वॉचमनचं सांगत असशील, अशी मला शंका आहे. खोडी काढायची तर दुसऱ्याची काढ.

दोन गोष्टी कर. एक, तो खरोखर धडपडून पडला तर उठताना त्याला वेळ लागतो. अर्धवट राहिलेली कामं तो आधी निस्तरतो, मग बोलतो. तेवढ्यात वॉचमननं ‘उठला नाही, उठला नाही’ म्हणून परत गदागदा हलवलं तर तो कधीच उठायचा नाही. वॉचमनला धीर धरायला शिकव. चांगला मोठा धीर.

दुसरी, लागोपाठ तीनदा उठवूनही उठला नाही तर वॉचमननं नाद सोडायचा आणि माणसाला हाक मारायची. जगात असंच करतात.

आणि जमल्यास जेवणाच्या सुट्टीपुरती वॉचमनला रजा दे. तेव्हा खिडकी बंदच असते, कुणाचं काय अडतंय?

ताई म्हणते मी दुपारी लाल होतो, रक्तदाब वाढतो. काही नाही, नातीचं गणित अवघड आहे.

— मामा


२६ जून

मामा,

आज थट्टा नाही. निदान सुरुवातीला नाही.

तू सांगितलंस तसं केलं. धीर धरायला शिकवला, आणि ‘तीनदा उठवून झालं की नाद सोड’ हेही लिहिलं. काल दुपारी डेटाबेस पडला, उठला, पडला, उठला, पडला, उठला, आणि चौथ्यांदा पडल्यावर वॉचमननं हात झटकले. तुझाच नियम. मला निरोप पाठवला, पण मी नेमकी वरच्या प्रिंटरमधे अडकलेला कागद ओढत होते, फोन खाली डब्यावर. डेटाबेस पडून राहिला.

खिडकीवर एक बाई होती. तिच्या मुलीला टेबलावर घेतलं होतं, दुर्मीळ गट. काकांनी चारही फ्रिज उघडले. नर्सताई, मी, झाडूवाल्या मावशी, सगळे जमिनीवर बसून पिशव्या बघत होतो. सापडली, वेळेत सापडली, मुलगी ठीक आहे. पण ती पिशवी सापडेपर्यंत त्या बाईनं एक शब्द काढला नाही, नुसती खिडकीचा गज धरून उभी होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मोठ्या बाई आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘‘खरं सांग, ही तुझी गंमत आहे का?’’

मी नाही म्हटलं. नर्सताई फ्रिजकडे वळली. काकांनी पण मान खाली घातली. लांडगा आला रे आला करत मी इतके दिवस घालवले, की आता खरा लांडगा माझ्या अंगावर बसलाय आणि लोक म्हणतात, कातडं कुठून आणलंस गं?

‘‘शिबिरापर्यंत वेळ दिला होता, तो देते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘त्या दिवशी तू कीबोर्डपासून लांब माझ्या डोळ्यांसमोर उभी राहायचंस. दोन्ही हात मला दिसले पाहिजेत.’’

पण मामा, मी काल रात्री नीट विचार केला, आणि एक गोष्ट लक्षात आली. हा पडत नाहीये. पडणारा धपकन पडतो, सगळं पसरून. हा तर हातातलं काम पुरं करतो, सगळ्यांना निरोप देतो, दिवे मालवतो, आणि मग झोपतो. ह्याला कुणीतरी झोपवतंय. प्रेमानं, थोपटून.

कोण असेल? मला फ्रिजवाल्या काकांचा दाट संशय आहे. त्यांना कीबोर्डवरचा स्पेसबार अजून सापडलेला नाही, पण म्हणूनच. असे गप्प लोक आतल्या गाठीचे असतात. तुला काय वाटतं?

मी एक छोटासा सापळा लावलाय. तू काळजी करू नको. पोटभर जेव आणि नातीचं गणित बघ.

— विंचू


२८ जून

विंचू,

तुझं पत्र अजून पोचलेलं नाही. पण निरोप पोचला.

काल जेवून नातीच्या खोलीत बसलो. लॅपटॉप उघडला, आपल्या सर्व्हरचं दार उघडलं, आणि आत पाऊल टाकतो तोच पूर्ण स्क्रीनभर मोठ्या अक्षरांत :

‘मामा, जेवण झालं का? हात धुतलेस का? मग त्याच हातांनी डेटाबेसला हात लावू नकोस.’

मी इतका दचकलो की ऑपरेशनचा गुडघा मेजावर आपटला. ताई धावत आली. लॅपटॉप झाकायला गेलो तर बोट चुकून कुठेतरी लागलं आणि त्यात नातीचं गाणं मोठ्यानं वाजायला लागलं. ‘‘गणित?’’ ताई म्हणाली. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली की तुझ्या आईसारखी दिसते.

काय सांगू तुला? जुन्या मशीनला पोट, म्हणजे मेमरी, लहान होतं. दुपारपर्यंत भरून यायचं, सुस्त व्हायचं. मग सुट्टीत मी त्याला थोडा वेळ झोपवायचो आणि पुन्हा उठवायचो. त्याची वामकुक्षी म्हण. नवं मशीन आलं तरी सवय राहिली. त्याला झोपवल्याशिवाय मला जेवण पचायचं नाही. इथं आल्यावर वाटलं, पोरीला कुठं जमणार, आपणच करावं गुपचूप. आणि मग ते झोपेचना! मी झोपवतो आणि पलीकडून कुणीतरी उठवतं. मला वाटलं तूच मुद्दाम करतेस. मग मलाही चेव आला. तू उठव, मी झोपवतो. बघू कोण थकतं.

चेव कुणाशी आला, तर बिनडोक वॉचमनशी. आणि तो थकावा असा नियमही मीच सांगितला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंना काय सांगायचं ते सांग. माझ्या नावाची किल्ली सर्व्हरवरून काढून टाक. खुर्ची मी घरी नेईन.

— मामा


२ जुलै

अरे वेड्या मामा,

काखेत कळसा आणि तळघराला वळसा! तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की झाडूवाल्या मावशी बघायला आल्या.

पहिलं म्हणजे, तू वाईट केलं नाहीस. तुला एक गोष्ट कुणी सांगितलीच नाही, मीसुद्धा नाही. तू गेलास त्याच आठवड्यात बाईंनी जेवणाच्या सुट्टीतही खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. तुझ्या लेखी सुट्टीत काम बंद, आमच्याकडे तेव्हाच झुंबड. ‘खिडकी बंदच असते’ असं तू लिहिलंस तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण मी पत्रं वाचते तशीच लिहिते, उड्या मारत.

दुसरं, किल्ली काढणार नाही. उलट तुला वॉचमनशी बोलायची रीत सांगते. ज्याला खरंच डेटाबेस झोपवायचा असेल त्यानं आधी वॉचमनला सांगायचं, ‘बाबा, थोडा वेळ डोळे मीट’. मग झोपवायचं. उठवलं की परत, ‘आता बघ’. घरात कुणी आलं की कुत्र्याला आधी ओळख करून देतात ना, तसं.

तिसरं, तुझी वामकुक्षी अगदीच खोटी नव्हती. मी मागच्या चार दिवसांच्या नोंदी बघितल्या. त्याचं पोट अजूनही फुगतं, पण रोज नाही, कधीतरीच. म्हणून फाईलीत एक ओळ घातलीय. पोट खरंच प्रमाणाबाहेर फुगलं तरच, आणि खिडकी बंद झाल्यावरच, त्याला थोडं झोपव. घड्याळ बघून नाही, पोट बघून. ती ओळ मी तुझ्या नावानं लिहिलीय. वॉचमन ती वाचतो तेव्हा वर ‘मामांची आज्ञा’ असं दिसतं.

आता बाईंचं. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘‘म्हणजे इतके दिवस मामा तिकडून आणि तुझा तो वॉचमन इकडून, असे दोघं भांडत होते?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तुला दोघांचाही पत्ता नव्हता?’’

‘‘एकाचा पत्ता मीच लिहिला होता. मुळापासून.’’

हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘गोष्ट चांगली आहे. तुझ्या गोष्टी नेहमीच चांगल्या असतात. अट तीच राहील.’’ म्हणजे विश्वास नाही. आता शिबिराचा दिवसच काय ते बोलेल.

तेव्हा १२ तारखेला, मामा, तुझी परीक्षा माझ्याहून मोठी आहे. मला बाईंसमोर उभं राहायचंय. तुला कुणीच बघणार नाही. हात लावू नकोस.

— विंचू


१३ जुलै

मामा मामा मामा,

उभी राहून लिहितेय. बसवत नाही!

काल सकाळपासून रांग फाटकाबाहेर. बाईंनी मला नोंदणीच्या मेजासमोर भिंतीला टेकून उभं केलं. पेनसुद्धा काढून घेतलं. फोन नर्सताईच्या खिशात. दोन माणसांना लिहून द्यायचं होतं तर म्हणाल्या, ‘‘तोंडी सांग.’’ मी दोन्ही हात पोटाशी धरून, फोटोतल्या नवरीसारखी.

सकाळ छान गेली. जेवणाची वेळ झाली. आमचं सगळ्यांचं लक्ष स्क्रीनकडे. काका हळूच म्हणाले, ‘‘आता मामा जेवले असतील.’’ नर्सताई म्हणाली, ‘‘गप्प बसा हो!’’ मिनिटं सरकत होती आणि मी मनात तुला शिव्या आणि आशीर्वाद आलटून पालटून देत होते.

काहीच झालं नाही. पिशव्या जागच्या जागी. मामा, तेव्हाच मी अर्धी जिंकले.

आणि मग वीज गेली.

गेली म्हणजे गचकन. बॅटरीवाला खोका नुसता एकदा किंचाळला आणि तोही आडवा. पंखे थांबले, स्क्रीन काळे. लगेच जनरेटर घरघरला, दिवे आले, पण खाली सर्व्हर पडला होता. धपकन. हे झोपवणं नव्हतं, हे खरं पडणं. एका माणसाच्या हातात सुई, दुसऱ्याची पिशवी अर्धी भरलेली, आणि काकांच्या हातात एक पिशवी, जिची नोंद व्हायची होती.

सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काय केलं माहितीय? दोन्ही हात वर केले. सरळ, डोक्याच्या वर. चोर पकडल्यावर करतात तसे. पाय मात्र आपोआप जिन्याकडे वळले होते, त्यांना ओढून धरलं.

‘‘खाली जाऊ का?’’ तोंडातून गेलंच.

बाई म्हणाल्या, ‘‘जायचं असेल तर जा. पण मग मी कंपनीला फोन करते.’’

नाही गेले. हात वर, डोळे मिटले, आणि मनात एकेक पायरी मोजली. आता मशीन उठलं असेल. आता वॉचमन उठला असेल, डोळे चोळत. आता त्यानं डेटाबेसचं दार वाजवलं. ओ नाही. आता उठवलं त्यानं. आता तो निस्तरतोय अर्धवट राहिलेलं. धीर धर, वॉचमन, गदागदा हलवू नको, मामांनी काय सांगितलंय? धीर धर. चांगला मोठा धीर.

बाईंचा हात फोनवर गेला. मी बघितला नाही, बांगड्यांचा आवाज आला.

‘‘आलं!’’

काका ओरडले. मी डोळे उघडले तर स्क्रीनवर सगळ्या पिशव्या, सकाळपासूनच्या सगळ्या, एकही गहाळ नाही. काकांनी हातातली पिशवी यंत्रासमोर धरली, टुं करून नोंद झाली. अर्ध्या पिशवीचा माणूस झोपूनच विचारत होता, ‘‘काय झालं? वीज गेली होती का?’’

मामा, नर्सताईच्या खिशात माझा फोन वाजला. वॉचमनचा निरोप. तिनं मोठ्यानं वाचला : ‘पडला होता. उठवला. विचारलं, उत्तर बरोबर आलं. काळजी नसावी.’ (ते शब्द मीच त्याला शिकवलेत.)

संध्याकाळी शेवटचा रक्तदाता गेल्यावर बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझे हात अजून अधूनमधून वर जात होते, सवय लागली होती.

‘‘खाली घे आता,’’ म्हणाल्या. आणि मामा, त्यांनी टाळी वाजवली. एकट्यांनीच, जोरात, पाण्याच्या मशीनसमोर वाजवली होती अगदी तशी. मग म्हणाल्या, ‘‘बघू, आता तरी पाणी येतं का.’’

आलं. माझ्या डोळ्यांतून. नालायक मशीन.

खुर्ची तुझीच आहे.

— विंचू


१८ जुलै

चि. विंचू,

अनेक आशीर्वाद. दोन्ही हातांनी.

त्या दिवसाचं माझं ऐक. जेवण झालं आणि बोटं शिवशिवायला लागली. ताईनं लॅपटॉप कपाटात ठेवलेला नव्हता, मुद्दाम नातीच्या मेजावर उघडा ठेवला होता. म्हणाली, ‘‘बाबा, मला बघायचंय.’’ मी हात मांडीखाली घेऊन बसलो. मग मुंग्या आल्या, म्हणून आडवा झालो. आणि विंचू, मला झोप लागली! इतक्या वर्षांत मी दुपारी कधी झोपलो नव्हतो, रोज दुसऱ्यालाच झोपवत होतो. ताई म्हणते घोरलोसुद्धा. रक्तदाब मोजला तर यंत्र बिघडलंय की काय वाटावं इतका शहाण्यासारखा.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. नातीला दिलं नाही. वीज गेल्याच्या ओळीवर माझेही हात वर गेले. ‘धीर धर, वॉचमन’ तिथं पोचलो आणि पुढचं जरा धूसर दिसलं. अक्षर तुझं वाईट आहेच.

डॉक्टरनं चालायची परवानगी दिलीय. सोमवारी कामावर येतो. काठी असेल, हसू नको. तू डब्यावर बसणं बंद कर, दुसरी खुर्ची मागवायला मी बाईंना लिहिलंय आणि त्यांचं ‘हो’ आलंय. तुझ्या खुर्चीच्या चाकाला सुतळी लागणार नाही.

एकच विनंती आहे. मी तुला लहानपणापासून ओळखतो. माझ्या खुर्चीखाली वाजणारं, फुटणारं, चिकटणारं, टोचणारं काही ठेवलं असशील तर मी यायच्या आधी काढून टाक. गुडघा नवा आहे.

— मामा


(सोमवारी सकाळी, खुर्चीच्या पाठीला चिकटवलेली चिठ्ठी)

मामा, ये.

सगळं काढून टाकलंय, गुडघ्याची शपथ. डेटाबेस जागा आहे, वॉचमन जागा आहे, तू निवांत बस.

पण बसण्याआधी एकदा वाकून बघच. नुसतं बघून विश्वास ठेवू नये, दार वाजवून बघावं, हे आता आपल्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवलंय.

— विंचू